दुकानात जावे, की दुकान घरी आणावे?

आमच्या महाविद्यालयात विज्ञान प्रदर्शनाची तयारी चालू होती तेव्हाची गोष्ट. प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थ्याला दुर्बीण तयार करायची होती. त्यासाठी ५० सेंटिमीटर आणि ५ सेंटिमीटर नाभीय अंतराची दोन बहिर्गोल भिंगे हवी होती. हा मुलगा पाटण तालुक्यातल्या डोंगरातल्या एका वाडीचा. तिथे मोबाइलला धड संदेश मिळतो तो फक्त एस.टी.च्या थांब्यामागच्या टेकाडावर. रविवारी तिथे बसून त्याने एका ऑनलाइन दुकानाचे पान मोबाइलवर उघडले. भिंगे सापडली. पण पानाच्या माथ्यावर एक पट्टी होती: 'आमचे ॲप घ्या.' त्याने बोट लावले. अर्धा तास ॲप उतरत राहिले आणि सरतेशेवटी मोबाइलने कळवले की, जागा अपुरी आहे!

सोमवारी त्याने मला विचारले, "सर, दुकान तेच, भिंग तेच, किंमतही तीच. मग ॲप घ्या म्हणून एवढा आग्रह कशाला? आणि घ्यावे की घेऊ नये?"

मी त्याला घाईघाईत काहीतरी उत्तर दिले. ते पुरेसे नव्हते, हे मला घरी गेल्यावर जाणवले. हा प्रश्न वरकरणी बाजाराचा वाटतो. पण त्याच्या पोटात संदेशवहनाचे भौतिकशास्त्र दडलेले आहे आणि आठवीच्या मुलाला जमेल एवढे बीजगणित आहे. तेव्हा आपण तो नीट सोडवून पाहू या.

एकाच मालाच्या दोन वाटा

प्रथम संकेतस्थळ आणि ॲप यांत नेमका फरक काय, ते पाहू. ऑनलाइन दुकानाचा सगळा व्यवहार दूर कुठेतरी असलेल्या मोठ्या संगणकांवर चालतो. त्यांना सर्व्हर म्हणतात. तुम्ही ब्राउझरमध्ये दुकानाचा पत्ता लिहिला, की सर्व्हरकडून तीन प्रकारची सामग्री तुमच्या मोबाइलकडे येते. पहिली, पान कसे दिसावे याची रचना. दुसरी, बोट लावल्यावर काय घडावे हे सांगणारे प्रोग्रॅम. आणि तिसरी, खरा माल, म्हणजे वस्तूंची नावे, किमती आणि चित्रे. ब्राउझर हा सर्वसामान्य कारागीर आहे. कोणत्याही दुकानाचे पान तो मांडून दाखवू शकतो. मात्र त्या दुकानाची सामग्री त्याला बाहेरून आणावी लागते.

ॲपमध्ये यांपैकी पहिल्या दोन प्रकारांची सामग्री एकदाच आणून मोबाइलमध्ये कायमची ठेवलेली असते. पुढे प्रत्येक वेळी फक्त तिसरा प्रकार मागवायचा. गावच्या वाण्याने तुमच्या घरात स्वतःचे एक कपाट आणून ठेवावे, त्यात तराजू, मापे, डबे, वह्या सगळे असावे आणि रोज दुकानातून फक्त धान्य यावे, तसाच हा प्रकार. दुकानात जाण्याचा त्रास वाचला खरा. पण कपाट घरापर्यंत वाहून आणायचे श्रम एकदा पडले आणि त्याने घरातली एक भिंत अडवली ती अडवलीच.

सोय कोणाची जास्त, हा प्रश्न आता वाहतुकीच्या हिशेबाचा झाला. आणि वाहतूक म्हटली की वेळ आलाच.

बसमध्ये किती जागा आणि प्रवासाला किती वेळ

इंटरनेटचा 'वेग' असा शब्द आपण सरसकट वापरतो. त्यात दोन अगदी निराळ्या गोष्टींची गल्लत होते. माझ्या वर्गातही दरवर्षी होते. एक गोष्ट म्हणजे सेकंदाला किती बिट वाहून नेता येतात. हिला आपण वहनक्षमता म्हणू. दुसरी म्हणजे एक मागणी जाऊन तिचे उत्तर परत यायला लागणारा वेळ. त्याला फेरीचा विलंब म्हणू. साताऱ्याहून पुण्याला जाणाऱ्या एस.टी.त ५० माणसे बसतात की २०, ही वहनक्षमता. ती पुण्याला पोचून परत यायला किती तास घेते, हा विलंब. बस दुप्पट मोठी केली म्हणून पुणे जवळ येत नाही.

वहनक्षमतेचे गणित सोपे आहे. समजा, दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे टू-जी जाळ्यावर सेकंदाला १०० किलोबिट मिळत आहेत. २० मेगाबाइटचे ॲप उतरवायचे आहे. एका बाइटमध्ये ८ बिट. म्हणजे १६० मेगाबिट, अर्थात १,६०,००० किलोबिट. त्याला १०० ने भागले की १,६०० सेकंद, म्हणजे सुमारे २७ मिनिटे. आमचा मुलगा टेकाडावर अर्धा तास का बसला होता, ते आता ध्यानात येईल. हेच ॲप सेकंदाला १० मेगाबिट देणाऱ्या फोर-जी जाळ्यावर १६ सेकंदांत उतरते.

विलंबाचे गणित जास्त मनोरंजक आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. ३०० किलोमीटर अंतरावर सर्व्हर असेल, तर जाऊन-येऊन ६०० किलोमीटरला अवघे ३ मिलिसेकंद लागतील. मग टू-जीवर एका फेरीला पाऊण-पाऊण सेकंद का लागतो? त्याचे कारण तारेत नाही. मोबाइल आणि मनोरा यांच्यामधल्या हवेत आहे.

टू-जीच्या जीएसएम पद्धतीत २०० किलोहर्ट्झ रुंदीची एक रेडिओ वाट आठ जण वाटून घेतात. प्रत्येकाला सुमारे ५७७ मायक्रोसेकंदांचा एक कप्पा मिळतो. आठ कप्प्यांचे चक्र ४.६१५ मिलिसेकंदांत पुरे होते, की पुन्हा पहिल्याची पाळी. बरे, माहिती पाठवायची तर मोबाइलने आधी मनोऱ्याकडे 'मला बोलायचे आहे' असा अर्ज करायचा, मनोऱ्याने कप्पे नेमून द्यायचे, तुकडा बिघडला तर तो पुन्हा पाठवायचा, आणि असे करत करत ती मागणी बाहेरच्या जाळ्यात जाणार. सरकारी कचेरीतल्या रांगेसारखे हे आहे. साहेबांची सही क्षणाची, बाकी सगळा वेळ रांगेचा. फोर-जीत ही रांग पुष्कळच आखूड केलेली आहे. तिथे चांगल्या जाळ्यावर एक फेरी १०० मिलिसेकंदांच्या आत होते.

आता दुकानाचे पान उघडताना किती फेऱ्या होतात, ते मोजा. दुकानाच्या नावावरून त्याच्या सर्व्हरचा आकडी पत्ता विचारायला एक फेरी. सर्व्हरशी जोडणी करायला दुसरी. मध्ये कोणी संदेश वाचू नये म्हणून गुप्त किल्ल्या ठरवायच्या असतात. त्याला जुन्या पद्धतीत दोन फेऱ्या, २०१८ साली ठरलेल्या नव्या पद्धतीत एक. मग कुठे पानाची मागणी. म्हणजे जुन्या पद्धतीने पाच फेऱ्या. पाऊण सेकंदाची एक धरली, तर पावणेचार सेकंद होईपर्यंत पडद्यावर एक अक्षरही उमटत नाही!

इथपर्यंतचा त्रास ॲपलाही चुकत नाही, कारण त्यालाही सर्व्हरशी जोडणी करावीच लागते. खरा फरक पुढे पडतो. पान आले, ते वाचल्यावर ब्राउझरला कळते की, याच्यासाठी रचनेची एक फाइल हवी. ती मागवली. प्रोग्रॅम आणला. तो चालवल्यावर कळते की, किमतींची यादी आणखी वेगळी मागवायची आहे. अशी साखळी लागते आणि तिच्या प्रत्येक कडीला एक फेरी पडते. ॲपजवळ रचना आणि प्रोग्रॅम आधीच असल्यामुळे ते थेट 'बहिर्गोल भिंगांची यादी द्या' एवढेच विचारते आणि तोपर्यंत पडद्यावर दुकान उभे करूनही ठेवते. म्हणून ॲप चपळ वाटते. जाळे जितके मंद, तितका हा फरक जास्त जाणवतो.

यात एक गंमत आहे बघा. ॲपचा उपयोग सर्वांत जास्त होतो तो मंद जाळ्यावर. आणि ॲप उतरवून घेणे सर्वांत अवघड तेही मंद जाळ्यावरच.

किती फेऱ्यांनी फिटते?

आता हिशेब मांडू. आकडे मी सोयीसाठी घेतलेले आहेत. ॲप २० मेगाबाइटचे आहे. संकेतस्थळावरच्या एका भेटीला दीड मेगाबाइट लागतात, ॲपमधल्या एका भेटीला अर्धा. म्हणजे प्रत्येक भेटीला एक मेगाबाइट वाचतो. २० मेगाबाइटचे कर्ज २० भेटींत फिटेल. रोज दुकान पाहणाऱ्याचे ते तीन आठवड्यांत फिटते. आता कोणी म्हणेल, मग ॲपच बरे!

थांबा. ॲप एकदा आणले म्हणजे संपले, असे नसते. त्याच्या दुरुस्त आवृत्त्या सतत येत राहतात. समजा, त्यांपायी महिन्याला ८ मेगाबाइट उतरतात. तर कर्ज फिटायला लागणारे महिने असे काढता येतील: महिन्यातल्या भेटींना एका भेटीतल्या बचतीने गुणा, त्यातून दुरुस्त्यांचे ८ वजा करा, आणि जे उरेल त्याने ॲपच्या आकाराला भागा. महिन्याला ३० भेटी देणाऱ्यासाठी २० भागिले २२, म्हणजे महिन्याच्या आतच काम झाले. १० भेटी देणाऱ्यासाठी २० भागिले २, म्हणजे दहा महिने. आणि ८ भेटी देणाऱ्याचा छेद शून्य झाला. त्याचे कर्ज कधीच फिटत नाही. त्याहून कमी भेटी देणाऱ्याचे काय होते, ते तुम्हीच काढून पाहा.

डेटा आता पूर्वीइतका महाग राहिलेला नाही, हे मान्य. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर आपल्या देशात डेटाचे दर कोसळले. तरीही कपाटाने अडवलेल्या भिंतीचा प्रश्न सुटलेला नाही. ॲप उतरताना आवळून बांधलेले असते; मोबाइलमध्ये उलगडल्यावर ते फुगते, आणि पाहिलेली चित्रे साठवत आणखी फुगत जाते. मोबाइलच्या खोक्यावर ३२ गिगाबाइट लिहिले असले, तरी त्यांतला बराच भाग मोबाइल चालवणाऱ्या मूळ प्रणालीनेच व्यापलेला असतो. उरलेल्या जागेत अभ्यासाची टिपणे, लग्नाचे व्हिडिओ, बँकेचे ॲप आणि शाळेचे ॲप. अशा घरात नव्या कपाटाला जागा करायची, तर आधी काहीतरी फेकावे लागते. आणि पहिल्यांदा फेकले जाते ते कधीमधी लागणाऱ्या दुकानाचे ॲप.

एका निर्णयाची गोष्ट

हा हिशेब नुसता कागदावरचा नाही. आपल्याच देशात तो एकदा फार मोठ्या प्रमाणावर तपासला गेला.

फ्लिपकार्ट आणि मिंत्रा ही दोन्ही ऑनलाइन दुकाने बंगळुरात २००७ साली सुरू झाली. फ्लिपकार्टने पुस्तकांपासून प्रारंभ केला. मिंत्रा कपड्यांसाठी ओळखली जाऊ लागली. २०१४ साली फ्लिपकार्टने मिंत्रा विकत घेतली. याच सुमारास आपल्याकडे स्वस्त स्मार्टफोन झपाट्याने पसरत होते. पुष्कळांच्या हाती आलेला पहिला संगणक हा त्यांचा मोबाइलच होता. तेव्हा या कंपन्यांनी असा विचार केला की, पुढचा काळ ॲपचाच आहे, मग संकेतस्थळ हवे कशाला? २०१५ साली दोघींनीही आपापली मोबाइलवरची संकेतस्थळे बंद केली. १५ मे २०१५ रोजी मिंत्राने त्यापुढे जाऊन संगणकावर उघडणारे संकेतस्थळही बंद केले. ज्याला कपडे घ्यायचे असतील, त्याने ॲप घ्यावे!

त्यांच्या बाजूने बोलायचे तर विचार अगदीच निराधार नव्हता. ॲपचे चिन्ह मोबाइलच्या तोंडावर राहते. दुकानाला हवे तेव्हा 'सवलत सुरू झाली' म्हणून हाक मारता येते. ग्राहक ओळखीचा राहतो. ब्राउझरमध्ये मात्र माणूस एका पानाशेजारी दुसऱ्या दुकानाचे पान उघडून किमती ताडून बघतो. ॲपमध्ये ते तितके सहज घडत नाही. हे शेवटचे कारण जाहिरातीत कोणी लिहीत नाही, पण मला ते बरेच वजनदार वाटते.

चूक झाली ती रोजचे गिऱ्हाईक आणि वाटेवरचे गिऱ्हाईक यांना एकाच मापाने मोजण्यात. नवा माणूस दुकानात येतो कसा? तो काहीतरी शोधतो आणि त्याला एक पान सापडते, किंवा मैत्रीण एखाद्या वस्तूचा दुवा पाठवते. पानाला पत्ता असतो, म्हणून हे शक्य होते. अशा माणसाला दारातच 'आधी आमचे कपाट घरी न्या, मग माल दाखवतो' असे म्हटले, तर तो पुढच्या दुकानात जाणार.

फ्लिपकार्टने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मोबाइलचे संकेतस्थळ नव्या रूपात पुन्हा उघडले. त्याला 'फ्लिपकार्ट लाइट' असे नाव दिले. मिंत्राचे संगणकावरचे संकेतस्थळ जून २०१६ मध्ये परत आले. माघार घेतली हे महत्त्वाचे आहेच. पण तंत्राच्या विद्यार्थ्याने पाहावे ते फ्लिपकार्ट लाइटकडे, कारण ते नुसते जुने संकेतस्थळ नव्हते.

दारातला निरोप्या

ब्राउझरमध्ये जुन्या काळापासून एक साठवण असते. एकदा आलेले चित्र ती काही काळ जपून ठेवते. पण काय ठेवायचे आणि काय टाकायचे, यावर दुकानाचा फारसा ताबा नसे, आणि जाळे तुटले की पान उघडतच नसे. २०१५ साली क्रोम ब्राउझरमध्ये एक नवी सोय आली, तिचे नाव सर्व्हिस वर्कर. हा दुकानाने लिहिलेला एक छोटासा प्रोग्रॅम असतो. तुम्ही संकेतस्थळाला पहिली भेट दिलीत, की तो ब्राउझरमध्ये मुक्काम ठोकतो. त्यानंतर पानाने केलेली प्रत्येक मागणी आधी या निरोप्याच्या हातात पडते. तो साठवणीत पाहतो. रचना आहे? तिथल्या तिथे दिली. प्रोग्रॅम आहे? दिला. किंमत मात्र ताजी हवी. तेवढ्यासाठीच तो जाळ्यावर जातो. जाळे नसेल, तर निदान मागे पाहिलेले पान दाखवतो.

वरच्या साखळीशी हे ताडून पाहा. ज्या कड्यांना फेरी पडत होती, त्यांपैकी बहुतेक मोबाइलच्या आतच मिटल्या. म्हणजे संकेतस्थळाने ॲपचा मुख्य गुण उचलला आणि २० मेगाबाइटचे कर्ज मात्र काढले नाही. अशा संकेतस्थळांना 'प्रोग्रेसिव्ह वेब ॲप' म्हणतात. त्याचे चिन्हही मोबाइलच्या तोंडावर ठेवता येते. जागा फारच कमी पडली, तर ही साठवण ब्राउझर पुसून टाकू शकतो. पुढच्या भेटीत ती पुन्हा भरते.

गूगलने फ्लिपकार्ट लाइटविषयी जी माहिती प्रसिद्ध केली, तिच्यानुसार त्याचे ६३ टक्के वापरकर्ते टू-जी जाळ्यावरून येत होते आणि डेटाचा वापर एकतृतीयांशावर आला होता. यातला दुसरा आकडा तंत्राची करामत सांगतो. पहिला आकडा मात्र आमच्या टेकाडावरच्या मुलासारखी किती माणसे दाराबाहेर उभी होती, ते सांगतो.

जाता जाता, या वादाचा लंबक पूर्वीही हललेला आहे. २००७ साली आयफोन आला तेव्हा बाहेरच्या मंडळींना स्टीव्ह जॉब्ज यांनी ब्राउझरमध्ये चालणारे प्रोग्रॅमच लिहायला सांगितले होते. वर्षभराने, जुलै २००८ मध्ये, ॲपलने ॲपचे दुकान उघडले आणि सगळे तिकडे धावले. सर्व्हिस वर्करची सोय आयफोनवर आली ती मार्च २०१८ मध्ये.

कपाटाला खिडकी असते

एक गोष्ट राहिली. वाण्याचे कपाट तुमच्या घरात असेल, तर त्यातून त्याला घर किती दिसते? ॲपला संपर्कयादी, ठिकाण, कॅमेरा, ध्वनिग्राहक यांची परवानगी मागता येते. २०१५ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीपूर्वीच्या अँड्रॉइडमध्ये तर ॲप घेतानाच सगळ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. आता त्या एकेक करून विचारल्या जातात आणि नाकारताही येतात. भिंग विकणाऱ्याला तुमची संपर्कयादी कशाला हवी, हा प्रश्न स्वतःला विचारून मगच बोट लावावे. संकेतस्थळ अगदी निर्मळ असते, असेही समजू नका; तुम्ही काय काय पाहिलेत, याच्या खुणा तेही ठेवते. मात्र त्याचा वावर ब्राउझरच्या चौकटीत राहतो आणि पान बंद केले की बव्हंशी तो थांबतो.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. घरातल्या मोठ्या माणसांना विचारून त्यांचा मोबाइल घ्या. सेटिंग्जमध्ये कोणत्या ॲपने किती डेटा वापरला, ते दिसते. ब्राउझरचा आकडा वहीत लिहा. मग एखाद्या दुकानाचे संकेतस्थळ उघडून 'कंपास पेटी' शोधा, पाच वस्तू पाहा, आणि पुन्हा आकडा लिहा. दोन्हींतला फरक म्हणजे एका भेटीचा खर्च. त्याच दुकानाचे ॲप असेल, तर त्यावरही हेच करा. वायफाय आधी बंद करायला विसरू नका. त्याचा आकडा वेगळा धरला जातो. प्रत्येक मोजणी निदान तीनदा करा. पहिल्या आणि तिसऱ्या वेळेच्या आकड्यांत फरक पडला, तर तो का पडला, हे आता तुम्ही सांगू शकाल.

आमच्या मुलाने हा प्रयोग केला. भिंगे त्याने संकेतस्थळावरूनच मागवली होती. वडिलांच्या मोबाइलमधले जुने व्हिडिओ पुसून त्याने ॲपही एका महिन्यापुरते घेतले. त्याचे आकडे असे आले: ॲप ४८ मेगाबाइट, संकेतस्थळावरची एक भेट २.९, ॲपमधली १.७, महिन्यातल्या दुरुस्त्या ३० मेगाबाइट, आणि घरच्यांच्या महिन्याला दोन भेटी. वही माझ्यापुढे ठेवून तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "सर, कर्ज फिटायला उणे १.७ महिने आलेत. कुठेतरी चुकलंय."

मी गुणाकार तपासला, वजाबाकी तपासली आणि खाली लिहिले, 'उत्तर बरोबर आहे. अर्थ लिही.'